हाड चार मिलिमीटर, तारे चार

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच वाचायचं आहे ते मोकळे. या दातांच्या दवाखान्यातले लोक वेळ पाळत नाहीत. संध्याकाळी पाचची वेळ दिली की सव्वासहाला आत घेतात, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून "दोनच मिनिटं हं काका" म्हणते. मी टूलरूमचा माणूस आहे, मला मिनिट म्हणजे काय ते ठाऊक आहे.

उरलेले चार तारे मात्र सगळेच्या सगळे एका गोष्टीचे: हातात ड्रिल घ्यायच्या आधी त्यांनी जे काम केलं त्याचे. वरच्या जबड्याचं हाड झिजलेल्या माणसाला इम्प्लांट, म्हणजे ज्यावर दात बसतो ते हाडातले धातूचे स्क्रू, बसवायचे तर निम्म्याहून जास्त काम कागदावर आणि स्क्रीनवर होतं, आणि ते कसं होतं हे कोणी सविस्तर लिहीत नाही. 'स्टाफ प्रेमळ, दुखलं नाही, धन्यवाद' एवढ्यावर लोक पाच तारे देऊन मोकळे होतात. म्हणून हे लांबलचक.

माझं वय ६७. भोसरी एमआयडीसीत जिग-फिक्स्चर (जॉब पकडायचे आणि ड्रिलला दिशा देणारे साचे) डिझाइन आणि पुढे ड्रॉइंग चेकिंग यात उभी हयात गेली. ज्या ड्रॉइंगवर डेटम, म्हणजे मापं जिथून मोजायची ती मूळ जागा, नाही त्यावर मी सही करत नसे, मग मॅनेजर कितीही नाचो. साखर आहे, रक्त पातळ करायची छोटी गोळी आहे, तंबाखू कधीच नव्हती. वरच्या उजव्या बाजूच्या शेवटच्या तीन दाढा पायोरियाने गेल्या, त्याला बारा-तेरा वर्षं होऊन गेली. त्या जागी काढता-घालता येणारी कवळी होती. चालायची ती. पण ज्वारीची भाकरी, पेरू, दिवाळीतली चकली हे सगळं डाव्या बाजूने, आणि कवळीच्या तारेने पुढचा धडधाकट दात घासायला लागला तेव्हा मुलीने लकडाच लावला.

इथे येण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. बाहेर भला मोठा बोर्ड, 'तीन दिवसांत पक्के दात'. त्यांनी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, वर हाड नाही, उरलेले वरचे दातही काढून टाकू आणि आठ-दहा स्क्रूंवर पूर्ण सेट देऊ. माझे वरचे अकरा दात शाबूत आहेत. मी विचारलं, हाड नाही म्हणजे किती नाही? तर म्हणे, "काका, फारच कमी आहे." 'फारच कमी' हे माप मी उभ्या आयुष्यात कुठल्या ड्रॉइंगवर पाहिलेलं नाही. तिथून जो उठलो तो परत गेलो नाही.

आता हे क्लिनिक. पुण्यातल्या नळ स्टॉप मेट्रो स्टेशनवरून रमतगमत गेलं तरी दहा मिनिटांच्या आत, कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत, पहिला मजला. लिफ्ट आहे, पण तिच्यात दोन माणसं आणि एक पिशवी एवढंच मावतं. गाडी आणू नका, लावायला जागा नाही आणि समोरच्या सोसायटीचा वॉचमन फार कर्तव्यदक्ष आहे. मेट्रोने या. दातांचं, म्हणजे कॅप, कवळी वगैरेचं काम बघणाऱ्या मॅडम रोज असतात, आणि शस्त्रक्रिया करणारे सर ठरलेल्या वारी येतात. दोघंही एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातले पदव्युत्तर, आपापल्या विषयातले. मला याचं महत्त्व नंतर कळलं. स्क्रू घालणारा आणि दात बसवणारा वेगळे असतील तर त्या दोघांनी आधी एकत्र बसून बोलावं लागतं, आणि इथे ते खरंच बसतात, पेशंटसमोर, स्क्रीनपुढे. कधीकधी वाद घालतात. मला ते आवडलं.

पहिल्या भेटीत तोंडात काही केलंच नाही. नुसते प्रश्न. साखर किती, गेल्या तीन महिन्यांची सरासरी किती, कोणत्या गोळ्या, सर्दी वारंवार होते का, नाक एका बाजूने चोंदतं का, घोरता का, रात्री दात खाता का. आणि एक प्रश्न मी कधी ऐकला नव्हता: हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कधी गोळी किंवा इंजेक्शन घेतलंय का? मी घेतलेलं नाही, पण आमची ही घेते, आठवड्यातून एक. मॅडमनी लगेच मान वर केली आणि हिला सांगितलं, "काकू, तुम्ही कधी दात काढायला गेलात तर ही गोळी आधी सांगायची, विसरायचं नाही." त्या जातीची औषधं घेणाऱ्या काहींना दात काढल्यावर किंवा जबड्यात शस्त्रक्रिया झाल्यावर तिथलं हाड भरून येत नाही, उघडं पडून राहतं, असं त्यांनी समजावलं. हिचे दात ठणठणीत आहेत, तरी आल्या-आल्या एक फायद्याची गोष्ट कळली. शेजारच्या खुर्चीवर शिरूरकडच्या एक आजी होत्या, त्यांना मिश्रीबद्दल विचारत होते. आजी म्हणाल्या, "सकाळी थोडीशी." त्यांना सांगितलं, आधी ती बंद, मग बोलू. असं तोंडावर सांगणारा दवाखाना मला चालतो.

माझी तीन महिन्यांची साखर ८.१ निघाली. मॅडमनी तारीख दिली नाही. "सातच्या आसपास आणा, मग ठरवू." रक्त पातळ करणारी गोळीही त्यांनी परस्पर बंद केली नाही, आमच्या फॅमिली डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी 'चालू ठेवा' म्हणून कळवलं, आणि ती चालू राहिली.

मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. तो बाहेरच्या सेंटरमध्ये काढायचा असतो, मॅडम चिठ्ठी देतात. चिठ्ठीवर त्यांनी अधोरेखित करून लिहिलं होतं की उजवा सायनस (दाढांच्या वरची, नाकात उघडणारी पोकळी) पूर्ण, वर त्याचं नाकात उघडणारं तोंड दिसेल इतका हवा. सेंटरवाल्याने लहान भागाचा स्कॅन स्वस्त पडेल असं सुचवलं, मी चिठ्ठी पुढे केली. या हट्टाचं कारण पुढे येईल.

स्कॅन स्क्रीनवर लावून मॅडमनी जे समजावलं त्याला मी पैकीच्या पैकी गुण देतो. ओपीजी म्हणजे वाकडा जबडा सपाट उलगडून काढलेला फोटो. त्यात मापं वीस-पंचवीस टक्के फुगलेली असू शकतात, शिवाय सगळीकडे सारखी फुगत नाहीत. आणि हाडाची जाडी, म्हणजे गालाकडून टाळूकडे किती, हे त्यात दिसतच नाही. सीबीसीटीत जबड्याचा हवा तिथे काप घेऊन मोजता येतो. वरच्या मागच्या दाढा गेल्या की हाड दोन्हीकडून जातं. खालून हिरडीखालचं हाड झिजतं, कारण दातच नाही तर त्या हाडाला काम उरत नाही, आणि वरून सायनसची पोकळी खाली उतरत येते. झिजही सरळ वर होत नाही, गालाच्या बाजूने आत सरकत जाते. त्यात वरचं मागचं हाड मुळातच मऊ, जाळीदार. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात ते घट्ट असतं. माझ्या केसमध्ये आकडे असे: १५ नंबरच्या जागी उंची ८.२ मिलिमीटर, १६ ला ४.१, १७ ला ३.४. रुंदी सगळीकडे भरपूर. हे नंबर ज्यांना माहीत नसतील त्यांच्यासाठी: पहिला आकडा जबड्याचा कोणता चतुर्थांश, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात. म्हणजे १६ ही वरच्या उजवीकडची पहिली मोठी दाढ. सोपी, चांगली पद्धत आहे. आमच्या कंपनीत पार्ट नंबर देणाऱ्यांनी शिकावी.

तर 'फारच कमी' म्हणजे ४.१. आता बोलता येतं.

स्कॅनमध्ये आणखी दोन गोष्टी दिसल्या. १७ च्या वर सायनसच्या तळाला हाडाची एक उभी आडभिंत होती, आणि बाहेरच्या भिंतीतून एक बारीक रक्तवाहिनी जाताना दिसत होती. हाडाची भर घालायला त्या भिंतीत खिडकी पाडावी लागते, तेव्हा या दोन्ही गोष्टी आडव्या येतात. शिवाय सायनसचं आतलं अस्तर उजव्या बाजूला जाड झालेलं. इथे तो पूर्ण स्कॅन कामी आला, कारण सायनसमधला स्राव जिथून नाकात उतरतो ते तोंड उघडं आहे का बंद, हे बघता आलं. मॅडमनी सरळ नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं, औषधं दिली, काही आठवड्यांनी हिरवा कंदील दाखवला. निचरा होत नसलेल्या सायनसमध्ये हाडाची भर घातली आणि तिथे जंतू माजले तर घातलेलं सगळं काढावं लागतं. हा वेळ वाया गेला असं मला वाटलं नाही. तोपर्यंत साखरही ७.२ वर आली.

मग नियोजनाची बैठक. मॅडमचं पहिलं वाक्य: "काका, आधी दात कुठे हवाय ते ठरवू. मग स्क्रू. हाडाचं सगळ्यात शेवटी." ऐकून बरं वाटलं, कारण आमच्याकडेही आधी जॉब, म्हणजे बनवायचा भाग, काढतात, मग फिक्स्चर. हाड आहे तिथे स्क्रू ठोकला तर हाड आत सरकलेलं असल्यामुळे दात टाळूच्या बाजूला येतो आणि खालच्या दाढेशी धड मिळत नाही. त्यांनी तोंडात एक कांडीसारखा कॅमेरा फिरवून दातांचा स्कॅन घेतला (ती ओकारी आणणारी मापाची पेस्ट नाही, मोठी सुटका), संगणकावर तिथे खोटे दात उभे केले, आणि ते चित्र सीबीसीटीवर बसवलं. मग त्या खोट्या दाताच्या मधोमध वर रेघ ओढली की स्क्रू कुठून कुठे जातो आणि हाड कुठे कमी पडतं ते दिसतं. इम्प्लांट आणि शेजारच्या दातात निदान दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये निदान तीन, गालाकडे निदान दीड मिलिमीटर हाड शिल्लक. ही मापं मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. भोक कडेला फार जवळ घेतलं की कड फुटते.

याच बैठकीत कळलं की खालची ४६ नंबरची दाढ, वर कोणी नसल्याने, दीडेक मिलिमीटर उचलून वर आली आहे. ती घासून पातळीत आणल्याशिवाय वरच्या कॅपला उंचीच मिळणार नव्हती. जागा वरची, अडचण खालची.

पर्याय त्यांनी सगळे मांडले, आणि स्वस्तापासून सुरुवात केली. कवळी आहे तीच चांगली करून घेता येईल. ब्रिज होणार नाही, मागे आधाराला दातच नाही. ज्यांच्या वरच्या जबड्यात सगळीकडेच हाड उरलेलं नाही त्यांच्यासाठी गालाच्या हाडात जाणारे लांबलचक, तीस ते पन्नास मिलिमीटरचे झायगोमॅटिक इम्प्लांट असतात. काहींना सायनस टाळून तिरके घालतात. पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी चार इम्प्लांटवर अख्खा जबडा पेलायची पद्धत रूढ केली, ती त्याच विचाराची. म्हणजे तीन दिवसांत दात मिळणं हे थोतांड आहे असं नाही, ज्याचे सगळे दात गेलेत किंवा जाणारच आहेत त्याला त्यात अर्थ असू शकतो. पण माझ्यासारख्या अकरा चांगले दात असलेल्याला ते सुचवणं म्हणजे एक बुश झिजला म्हणून अख्खं मशीन भंगारात काढणं.

आणि मग त्या म्हणाल्या, "१७ करायची गरज नाही." मी विचारलं, का? तर खाली त्याच्यासमोरची ४७ माझी कधीच गेलेली. समोर कोणी नाही तर वर दाढ बसवून ती चावणार कशावर? पहिल्या मोठ्या दाढेपर्यंत नीट चावता आलं तर बहुतेकांचं निभतं. एक इम्प्लांट कमी, शिवाय आडभिंतीचा भागही टळला. जास्त पैसे घ्यायची संधी समोर असताना दवाखान्याने कमी काम सुचवलं, याची नोंद इथे व्हायला हवी.

१६ ला मात्र ४.१ मिलिमीटरमध्ये काही खरं नव्हतं. तिथे बाहेरून खिडकी पाडून सायनसचं अस्तर वर उचलायचं आणि खाली झालेल्या जागेत हाडाची भर घालायची, याला सायनस लिफ्ट म्हणतात. तळाला बऱ्यापैकी हाड असेल तर इम्प्लांटच्याच भोकातून थोडं उचलून भागतं. चार-पाच मिलिमीटरच्या खाली गेलं की खिडकी.

भर कशाची, हा प्रश्न मॅडमनी स्वतःहून काढला. मी विचारला नव्हता, मला सुचलाही नसता. म्हणाल्या, सगळ्यात जास्त वापरली जाणारी भुकटी गाई-बैलांच्या हाडापासून प्रक्रिया करून केलेली असते, वरून झाकायचा पडदाही बहुतेक वेळा डुकराच्या किंवा गाईच्या कोलाजेनचा, तुम्हाला चालेल का? आमची ही खुर्चीत ताठ झाली. आमच्याकडे अंडंही येत नाही. मॅडमनी आव न आणता दोन्ही बाजू सांगितल्या: बैलाच्या हाडाची भर फार हळू विरते, त्यामुळे आकार टिकतो, आणि तिचा अनुभव जगभर मोठा आहे. कृत्रिम भर, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटची, तिच्यातला एक प्रकार लवकर विरतो, एक हळू, म्हणून दोन्हींचं मिश्रण वापरतात. स्वतःचं हाड सगळ्यात उत्तम, पण ते काढायला दुसरी जखम. शेवटी कृत्रिम मिश्रण, आणि पडद्याऐवजी माझंच रक्त सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून त्याचा जो जेलीसारखा थर बनतो तो, असं ठरलं. पुण्यात किती शाकाहारी मंडळी दातांची अशी कामं करून घेतात, आणि त्यातल्या किती जणांना हा प्रश्न विचारला जातो, देव जाणे. तुम्ही कुठेही गेलात तरी विचारा.

आता माझा आवडता भाग. सर्जिकल गाइड म्हणजे दातांवर घट्ट बसणारा प्रिंट केलेला साचा, त्यात धातूच्या बाह्या, त्यांतून ड्रिल जातं. हे सरळ सरळ ड्रिल जिग आहे, बुशसकट. मी सरांना विचारलं, याचा टॉलरन्स, म्हणजे माप किती चुकू शकतं, किती? ते आधी हसले, मग नीट उत्तर दिलं: सरासरी धरली तर भोकाच्या तोंडाशी मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर, टोकाला दीडच्या आसपास, कोनात तीन-साडेतीन अंश. आमच्याकडे असा जिग बनवणाऱ्याला घरी बसवला असता. पण ते पुढे जे म्हणाले ते पटलं: म्हणूनच नाजूक जागेपासून दोन मिलिमीटर राखून ठेवायचे. १५ च्या जागी ८.२ आहेत, ८ मिलिमीटर लांबीचा स्क्रू कागदावर बसतो, पण चुकीला जागा उरत नाही. शेजारी १६ ला अस्तर उचलणारच आहोत तर १५ पर्यंत थोडं उचलू आणि तिथे १० चा घालू. हिशेब चोख.

अस्तर फाटलं तर? हेही त्यांनीच सांगितलं. सायनस लिफ्टमध्ये ते फाटणं हीच सगळ्यात नेहमीची अडचण, साधारण पाचात एकदा होते. लहान फाटलं तर झाकून पुढे जायचं, मोठं फाटलं तर काम थांबवून शिवायचं आणि काही महिन्यांनी परत यायचं. १६ चा इम्प्लांट त्याच वेळी घालायचा का, हे हाताला घट्ट लागतो का यावर. हे सगळं 'असं झालं तर असं' म्हणून कागदावर लिहून माझी सही घेतली. कागद इंग्रजीत होता. मला चालला, पण शिरूरच्या आजींना काय वाचता येणार? मराठीत छापायला काय हरकत आहे? अर्धा तारा खरं तर यावर कापायला हवा होता.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. भूल जागच्या जागी, मी पूर्ण जागा. ड्रिलवर सलाईनची धार सतत. मी नंतर विचारलं तर सर म्हणाले, हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तरी मरतं. कूलंट बंद ठेवून भोक पाडणाऱ्या आमच्या ऑपरेटरांना हे वाक्य फ्रेम करून द्यायला हवं. मऊ हाडात भोक मुद्दाम इम्प्लांटपेक्षा लहान पाडतात, म्हणजे तो दाबून बसतो. १५ चा ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या पिळावर घट्ट बसला. १६ चा पंधराचा आकडाही गाठेना, तो सरांनी तिथेच काढून ठेवला आणि नुसती भर घालून टाके घातले. ओढूनताणून बसवला नाही. अस्तर फाटलं नाही.

मग सूज, गालावर निळा-पिवळा डाग, आणि सूचनांचा कागद: नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, विमान नाही. बेंगळुरूला मुलीकडे जायचं होतं ते पुढे ढकललं. तोंड उघडं ठेवून शिंकणं हे पुण्यातल्या सभ्य घरात किती अवघड आहे ते केल्याशिवाय कळत नाही. सहा-सात महिने थांबून परत स्कॅन काढला, भर पक्की झाली होती, १६ चा इम्प्लांट बसला, आणखी काही महिन्यांनी दोन्ही कॅप.

धातूबद्दल एक नोंद, कारण मला राहवत नाही. इम्प्लांट टायटॅनियमचे. स्वीडनच्या ब्रोनमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात घातलेलं टायटॅनियम हाडाने इतकं धरून ठेवलेलं सापडलं की ते निघेना. १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात ते बसवलं गेलं. ते मुळात अभ्यास करत होते रक्ताभिसरणाचा. आम्ही टायटॅनियमवर काम केलंय. टूल खाणारा, चिवट, तापणारा धातू. तोंडात मात्र इतका गुणी वागतो याचं नवल वाटतं.

आता तक्रारी, म्हणजे उरलेल्या. कॅप बसल्यावर १५ आणि १४ च्या मध्ये फट राहिली, त्यात शेंगदाण्याचा कूट अडकायचा. सांगितल्यावर कॅप परत लॅबला पाठवून दुरुस्त केली, पैसे घेतले नाहीत, पण मुळात तपासून द्यायला हवी होती. अंतिम तपासणी हा प्रकार हवाच. पहिल्या अंदाजपत्रकात गाइडचे पैसे धरलेले नव्हते, ते नंतर वाढले. एकूण खर्च असा: स्कॅन ३,५०० (पहिला, दुसरा छोटा, तो वेगळा), नियोजन आणि गाइड ९,०००, सायनस लिफ्ट भरीसकट ३८,०००, दोन इम्प्लांट कॅपसकट ९६,०००. म्हणजे १,४६,५००, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचे वेगळे. मेडिक्लेममधून काही मिळालं नाही. अपघातामुळे नसेल तर दातांचं काम बहुतेक पॉलिसींत बसतच नाही. हे परवडत नसेल तर पुण्यात डेंटल कॉलेजं आहेत, धनकवडीला भारती विद्यापीठ, पिंपरीला डी. वाय. पाटील, कॅम्पात रंगूनवाला. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त घालाव्या लागतात, पैसे कमी. मॅडमनी स्वतःच हा पर्याय सांगितला होता.

नऊ हजार नियोजनाचे जास्त आहेत, असं आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये एकजण म्हणाला. त्याला मी विचारलं की त्याचे चार इम्प्लांट कुठल्या मापाचे आहेत. त्याला माहीत नाही. कुठल्या कंपनीचे, तेही माहीत नाही.

प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर एक सोलून काढायचं स्टिकर येतं, त्यावर मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर असतो. उद्या आतला स्क्रू सैल झाला आणि आपण दुसऱ्या गावात असलो, तर त्या नंबराशिवाय तिथल्या डॉक्टरला योग्य पाना मिळणार नाही. इथे ते स्टिकर कार्डावर चिकटवून देतात, पण मागितल्यावर. फाइल बंद व्हायच्या आत मागून घ्या. आणि पाचची वेळ दिली असेल तर सहाला निघा.